दुसरी वही कुठे आहे?



"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य आता गावोगावी पाठ झालं आहे. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की ऐकू येतं, सातबारा काढायला सेवा केंद्रात गेलं की ऐकू येतं. २०२४ च्या जुलै महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तर कितीतरी जणी रात्री उशिरापर्यंत मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. शेवटी १५ जुलैची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली.

हा सर्व्हर म्हणजे काय? सर्व्हर म्हणजे एक मोठा संगणक, कुठेतरी दूर ठेवलेला. नोंदी त्याच्यात असतात. आपल्या पुढ्यातलं यंत्र त्याला विचारतं आणि तो उत्तर देतो. गावातली पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सगळ्याच जणी डबा घेऊन आल्या तर रांग लागते. कधी पट्टा तुटतो, कधी वीज जाते. पण आपलं धान्य आपल्या डब्यात शाबूत असतं. आज नाही तर उद्या दळून मिळतं. लाडकी बहीणच्या वेळी झाली ती अशी गर्दी होती.

पण समजा, गिरणीलाच आग लागली आणि तिथे ठेवलेले डबे जळाले, तर? मग उद्या येऊनही उपयोग नाही. घरी कणगीत धान्य असेल, तरच चूल पेटेल. सर्व्हर बंद पडण्याचा हा दुसरा प्रकार. नोंदच नाहीशी होते. आज मी बोलणार आहे ती या दुसऱ्या प्रकाराबद्दल. अशी वेळ आपल्या महाराष्ट्रावर पूर्वी कशी आली, आणि त्यातून कोण कशामुळे वाचलं, याचा हा थोडा इतिहास.

संगणक नव्हते तेव्हाही नोंदी हरवत होत्या. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. चक्रधर स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसांकडे जाऊन विचारल्या आणि १२७८ च्या सुमारास लिहून काढल्या. पुढे दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा दक्षिणेत आल्या, धावपळ झाली आणि त्या धावपळीत मूळ पोथी गेली. महानुभाव परंपरा सांगते, की हिराइसा नावाच्या शिष्येला तो मजकूर मुखोद्गत होता, आणि तिच्या आठवणीतून तो पुन्हा लिहून घेतला गेला. एका बाईने डोक्यात जपून ठेवलेली ती दुसरी प्रत होती.

देहूची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्याच वेळी लोक असंही सांगतात, की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या ओठांवर होते. शिवाय संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी अभंग लिहून ठेवले होते. त्यांच्या वह्या आजही अभ्यासकांच्या उपयोगाला येतात.

या दोन्ही गोष्टींत एकच सूत्र आहे. मूळ वही गेली, पण मजकूर दुसऱ्या कुणाकडे तरी होता. मात्र आठवणीवर विसंबलं, की एक अडचण येते. लीळाचरित्र आठवून पुन्हा लिहिलं गेलं, तेव्हा त्याचे वेगवेगळे पाठ तयार झाले. एका जणीला एक शब्द आठवतो, दुसरीला दुसरा. ग्रंथाच्या बाबतीत अभ्यासक बसून ताळमेळ लावतात. पैशाच्या आणि जमिनीच्या बाबतीत मात्र आठवणी जुळल्या नाहीत, तर भांडण होतं. म्हणून दुसरी प्रत लेखी हवी.

आता मी जिथून बोलते आहे, त्या मीरा-भाईंदरकडे येते. मुंबईच्या उत्तरेला खाडीकाठचा हा भाग. आज इथे उंच इमारती दिसतात, पण चाळीस वर्षांपूर्वी ही गावंच होती. मिठागरं, भातशेती, उत्तनची मासेमारी असा सगळा व्यवहार. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपरिषद झाली. १९९० मध्ये आणखी चार ग्रामपंचायती तिच्यात आल्या. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली.

हे ऐकताना आपल्या गावाचा विचार करा. ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणजे काय असतं? घर कुणाच्या नावावर आहे, घरपट्टी किती भरली, जन्म कधी झाला, मृत्यू कधी झाला. नऊ गावांची अशी दप्तरं एका कार्यालयात येतात. पुढे तीच वहीतून संगणकात जातात, आणि जुन्या संगणकातून नव्या संगणकात. अशा प्रत्येक स्थलांतरात एखादी नोंद गळू शकते. गळली, तर ती नोंद ज्या घराची असेल त्या घरातल्या माणसाला पुरावा शोधत फिरावं लागतं. त्या वेळी उपयोगाला येते ती घरच्या पेटीत जपलेली घरपट्टीची जुनी पावती. कार्यालयाच्या नोंदीची ती आपल्या हातातली प्रत असते.

भाईंदर पूर्वेला छोट्या कारखान्यांच्या वसाहती आहेत. स्टीलच्या भांड्यांसाठी हा भाग ओळखला जातो. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी, सुना, भाचे अशाच छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत हिशेबाचं काम करतात. अशा ठिकाणी बहुतेक वेळा एकच संगणक असतो. त्यातच माल किती गेला, कुणाकडून किती येणं आहे, कामगाराची हजेरी, पगार, भविष्य निर्वाह निधी, सगळं असतं. तो संगणक बसला, तर मालकाचा धंदा अडतो हे दिसतं. पण हजेरीची नोंद गेली, तर रोजंदारीवरच्या बाईचे ओव्हरटाइमचे पैसेही अडतात, हे पटकन दिसत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. जीएसटी भरणाऱ्याने आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं जपून ठेवले पाहिजेत. नोंदणीकृत कंपनी संगणकावर हिशेब ठेवत असेल, तर तिने त्याची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. या जादा प्रतीलाच बॅकअप म्हणतात.

पण नुसती प्रत असून भागत नाही. ती कुठे आहे, हे महत्त्वाचं. याचा धडा मुंबईतल्या मंत्रालयाने दिला. २१ जून २०१२ रोजी दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वर पसरत गेली. सहाव्या मजल्यावरचं मुख्यमंत्र्यांचं कार्यालयही जळालं. पाच माणसांचा जीव गेला. माणसांची भरपाई कशानेच होत नाही. त्यांच्या मागे प्रश्न उरला तो फायलींचा. फायल म्हणजे कुणाच्या तरी जमिनीचा, शाळेचा, निवृत्तिवेतनाचा अर्ज. ज्या कागदांची संगणकात प्रत काढून दुसरीकडे ठेवली होती, ते वाचले. बाकीच्यांसाठी जिल्ह्याच्या आणि विभागाच्या कार्यालयांत असलेल्या प्रती गोळा करून फायली पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. म्हणजे राज्याचं सर्वांत मोठं कार्यालय जळालं, तेव्हा त्याला गावाकडच्या, जिल्ह्याकडच्या कपाटांनी हात दिला. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या असत्या, तर दोन्ही जळाल्या असत्या.

आग आणि पूर दिसतात तरी. आता तिसरी आपत्ती आली आहे, ती दिसत नाही. संगणकाला व्हायरस लागतो, म्हणजे एक वाईट प्रोग्राम आत शिरतो आणि नोंदींना कुलूप घालतो किंवा त्या पुसून टाकतो. कधी कुलूप उघडायला पैसे मागितले जातात.

२७ जून २०१७ ची गोष्ट. रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा-शेवा बंदर आहे, जेएनपीटी म्हणून आपण ओळखतो. आपल्याकडची द्राक्षं, कांदा, कापड तिथून परदेशी जातं. त्या बंदरातला एक धक्का मर्स्क नावाच्या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवला जात होता. त्या दिवशी तिथले संगणक अचानक बंद पडले. कुठल्या डब्यात काय आहे, कुठला डबा कुठल्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली. काम हाताने करावं लागलं, मालाच्या रांगा लागल्या.

रोग आला होता हजारो मैलांवरून. युक्रेन देशात हिशेब लिहिण्याचा एक प्रोग्राम खूप वापरात होता. त्याच्यातून हा व्हायरस पसरला आणि जगभरच्या कंपन्यांत शिरला. मर्स्क कंपनीचे जगभरातले संगणक काही तासांत निकामी झाले.

आता पुढचं नीट ऐका. कोणत्या माणसाला आणि कोणत्या संगणकाला आत येऊ द्यायचं, याची यादी या कंपनीने एकाच ठिकाणी ठेवली नव्हती. जगभरात सुमारे दीडशे सर्व्हरवर तिच्या प्रती होत्या. एक गेला तर दुसरा आहे, अशी ती सोय होती. पण ते सगळे एकमेकांना जोडलेले होते. व्हायरस एकातून दुसऱ्यात गेला आणि सगळ्या प्रती पुसल्या गेल्या. त्या यादीशिवाय बाकीचं काही उभं राहीना.

शोधता शोधता एक प्रत सापडली. आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात. ती का वाचली? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! सर्व्हर बंद होता, जाळ्याला जोडलेला नव्हता, म्हणून व्हायरस त्याच्यापर्यंत पोचला नाही. तिथलं इंटरनेट इतकं मंद होतं, की ती नोंद इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्याकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. मग त्याने विमानाने नायजेरिया गाठलं, तिथल्या विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती ती हार्ड डिस्क दिली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. एवढी मोठी कंपनी, आणि तिचा जीव एका माणसाच्या पिशवीतून प्रवास करत होता. त्यानंतर दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. तोपर्यंत माणसांनी कागद-पेन घेऊन काम रेटलं.

भारनियमनाला आपण किती बोल लावतो. पण घानाच्या त्या गेलेल्या विजेने एक गोष्ट शिकवली. प्रती कितीही असोत, सगळ्या एकाच दोरीला बांधलेल्या असतील, तर एकीबरोबर सगळ्या बुडतात. एक प्रत तरी सुटी हवी.

ही गोष्ट पुढे महाराष्ट्रातच उपयोगी पडलेली दिसते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर, असाच हल्ला झाला. कारखान्यांना भूखंड देणारं हे महामंडळ. त्याच्या कार्यालयांतलं संगणकावरचं काम ठप्प झालं. पण महामंडळाने तेव्हा जाहीर केलं, की नोंदींच्या प्रती वेगळ्या जाळ्यावर ठेवलेल्या आहेत आणि त्यांना व्हायरस लागलेला नाही. त्रास झाला, दिवस गेले, पण भूखंडांच्या नोंदी नव्याने गोळा करत फिरायची वेळ आली नाही. न्हावा-शेव्याच्या वेळी जे नशिबाने मिळालं, ते इथे आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, ही बंदरं, मंत्रालयं मोठ्यांची. आपला बचत गट दहा-बारा जणींचा. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो असा.

समजा, गटातल्या एका ताईने १२,००० रुपये कर्ज घेतलं. महिन्याला १,००० रुपये फेड. सात हप्ते भरले. पावसाळ्यात सचिवाच्या घरात पाणी शिरलं आणि रजिस्टर भिजून लगदा झालं. सचिवाला पाच हप्ते आठवतात. ताई म्हणते सात. आता खरं कुणाचं? ज्या बाईला लिहिता-वाचता येतं, जिचा आवाज मोठा आहे, जिच्या घरचे चार लोक बैठकीला येऊन उभे राहतात, तिचं म्हणणं टिकतं. गरीब, एकटी, अंगठा उठवणारी बाई गप्प बसते आणि २,००० रुपये दुसऱ्यांदा भरते. नोंद गेली, की आधी नुकसान होतं ते तिचं. म्हणून वहीची दुसरी प्रत ठेवणं ही नुसती कारकुनी नाही. गटातल्या सर्वांत दुबळ्या बाईची ती ढाल आहे.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित हिशेब लेखन हे आहे. त्याच्यातच ही ढाल दडलेली आहे. प्रत्येकीच्या हातातलं पासबुक ही गटाच्या रजिस्टरची दुसरी प्रत आहे, आणि ती दहा वेगवेगळ्या घरांत असते. रजिस्टर बुडालं, तरी दहा पासबुकांवरून ते पुन्हा लिहिता येतं. मात्र पासबुक भरलेलं हवं. "पुढच्या वेळी एकदम भरू" म्हणून तीन महिने कोरं ठेवलं, तर ती प्रत नसल्यासारखीच.

आता गटांची माहिती लोकओएस ॲपमध्येही भरली जाते. चांगलं आहे. पण ॲपमध्ये भरलं म्हणून वही बंद करू नका, आणि वहीत आहे म्हणून ॲपमध्ये भरायचं टाळू नका. सर्व्हर बंद असेल त्या दिवशी वही कामाला येते, आणि वही भिजेल त्या दिवशी ॲप.

मग पुढच्या बैठकीपासून काय करायचं? सोप्या गोष्टी सांगते.

बैठक उठायच्या आधी रजिस्टर आणि पासबुक दोन्ही भरा. आकडा मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल, आणि मग सही किंवा अंगठा घ्या. त्या दिवसाच्या पानांचे फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये काढा. दोघी वेगवेगळ्या घरच्या असाव्यात. शक्य असेल तर एक वरच्या आळीतली, एक खालच्या. महिन्याच्या बेरजेचा एक कागद ग्रामसंघाकडे द्या. आधार क्रमांक आणि बँक खात्याची पानं मात्र सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. प्रत जपायची आहे, गवगवा करायचा नाही.

गटाचा किंवा घरच्या व्यवसायाचा हिशेब संगणकावर असेल, तर जाणकार लोक एक साधा नियम सांगतात. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. म्हणजे एक संगणकात, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि एक इंटरनेटवर किंवा दुसऱ्या घरी. प्रत काढून झाली, की पेन ड्राइव्ह संगणकातून काढून ठेवा. तशीच लावून ठेवली, तर व्हायरस तिच्यातही शिरतो. घानाची वीज आठवा. पासवर्ड एकीलाच ठाऊक नसावा. ती माहेरी गेली, आजारी पडली, तर कुलूप कोण उघडणार? दोघींना ठाऊक असू द्या.

आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त राहून जातं. प्रत उघडून बघा. लोणच्याची बरणी आपण वर्षभर झाकून ठेवत नाही. मधून मधून झाकण काढतो, बुरशी आली का बघतो. तसंच महिन्यातून एकदा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावा. फोटो मोठा करून बघा, आकडा वाचता येतो का. एक पान निवडा आणि मूळ वहीशी जुळवा. उघडत नसलेली प्रत गरजेच्या दिवशी आपल्याला तोंडघशी पाडते.

तुमची कुणी नात, लेक, सून कारखान्यात किंवा दुकानात हिशेबाला असेल, तर तिलाही हा एक प्रश्न मालकाला विचारायला सांगा: "आजचा बॅकअप घेतला का, आणि तो कुठे ठेवला?" असं विचारणं आगाऊपणा नाही. तिच्या स्वतःच्या पगाराची, हजेरीची नोंद त्यातच आहे.

हिराइसेने तो मजकूर आठवून सांगितला, कारण त्या काळी तिच्या हाती तेवढंच साधन होतं. आपल्या हाती वही आहे, पासबुक आहे, मोबाइल आहे. पुढच्या बैठकीत बचत गोळा करायच्या आधी अध्यक्षताईंनी एवढंच विचारावं: आपली दुसरी वही कुठे आहे, आणि ती शेवटची कुणी उघडून पाहिली? उत्तर लगेच मिळालं, तर छानच. नाही मिळालं, तर त्याच बैठकीत दोघींची नावं ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.